पद्मिनी घ्यावी की ११८ एनई?

माझ्या दिंडोरीच्या शेडात प्रीमियर कंपनीच्या दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत: पद्मिनी आणि ११८ एनई. दोघींचं माहेर इटलीतलं. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी, ११८ म्हणजे फियाट १२४. संग्रहासाठी कुठली घ्यावी, असं नाशकातली बरीच मंडळी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

चालवायला ११८ उजवी, यात वाद नाही. १९८५ साली आली तेव्हाच तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. मे महिन्यात भर दुपारी कसारा घाट चढली, तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही. तोच घाट, तोच महिना, पद्मिनीनं मात्र अर्ध्यावर आचके दिले. १०८९ सीसीचं इंजिन तापलं की इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, फडकं ओलं करून पंपावर ठेवलं. दहा मिनिटांनी एका सेल्फमध्ये सुरू! पद्मिनीवाल्याच्या डिकीत पाण्याचा कॅन आणि सुती फडकं कायम हवंच.

तरीही पहिली गाडी घेणाऱ्याला मी पद्मिनीच सांगेन. स्टिअरिंगवरचा हँड गिअर दुसऱ्यात पडताना तळहाताला जो हलका 'टक्' लागतो, तो मला अजून कुठल्याच गाडीत मिळालेला नाही. शिवाय मुंबईच्या टॅक्सीत ती २०२३ पर्यंत धावली, त्यामुळे सामान मिळतं आणि हात बसलेले मिस्त्रीही आहेत. ११८चं इंजिन दगडासारखं, पण काचेचं रबर आणि मागच्या दिव्यांसाठी वणवण होते. एका दुकानदारानं माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि भलत्याच गाडीच्या दिव्याची लेन्स पाठवली. ती अजून तशीच पडून आहे.

गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक न्या. फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर आणि चाकांच्या कमानीवर फिरवा. चिकटलं नाही तर आत पत्रा नाही, नुसती लांबी (पुट्टी) भरलीय. पायाखालचं मॅटिंग उचलूनच बघा, लाजू नका.

कागदांचंही नीट बघा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी २०२१च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोजच्या कामाला नाही. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या पद्मिनी यात बसू लागल्यात, ११८ला २०३५ उजाडेल. पण चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. म्हणून डिझेल इंजिन बसवलेली पद्मिनी कितीही स्वस्त मिळाली तरी संग्रहासाठी घेऊ नका.

माझी पद्मिनी रविवारी सकाळी वणीपर्यंत जाऊन येते. ११८ला मागचा डावा दिवा मिळाला की तिलाही नेईन.