विमानतळ व्यवस्थापनाची पदविका: रॅम्पवर काही महिने काढल्यानंतरचा अनुभव

अंधेरी पूर्वेच्या एका खासगी संस्थेतून मी विमानतळ व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका पूर्ण केली आणि त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत (जमिनीवर विमानांची आणि सामानाची व्यवस्था पाहणाऱ्या) रॅम्पच्या, म्हणजे विमाने उभी राहतात त्या मोकळ्या जागेवरच्या, कामावर रुजू झाले. मे महिन्याचा उकाडा, संपूर्ण पावसाळा आणि हिवाळी वेळापत्रकाची सुरुवात एवढा काळ आता त्या कामात गेला आहे. लाखाच्या वर शुल्क भरून घेतलेल्या या अभ्यासक्रमातले प्रत्यक्षात काय उपयोगी पडले, हे आता थोडे खात्रीने सांगता येईल. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते: विमानतळाची भाषा या पदविकेने चांगली शिकवली; नोकरी मात्र मूळ पदवी, वाहन चालवण्याचा परवाना, स्वच्छ पोलीस पडताळणी आणि कोणत्याही पाळीत काम करण्याची तयारी यांच्या जोरावर मिळाली.

सर्वाधिक उपयोग झाला तो एअरसाइडच्या, म्हणजे सुरक्षा तपासणीपलीकडे विमाने वावरतात त्या भागाच्या, विषयाचा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये पंखांच्या विस्तारानुसार विमानांचे वर्ग ठरवलेले आहेत. २४ मीटरपासून ३६ मीटरच्या आतली विमाने सी वर्गात आणि ५२ मीटरपासून ६५ मीटरच्या आतली ई वर्गात मोडतात. संस्थेत आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते. कामावर मात्र ऐनवेळी स्टँड (विमान उभे करण्याची जागा) बदलल्याचा निरोप आला, की सी वर्गातले ए३२० कुठे बसेल, ई वर्गातले ७७७ कुठे बसणार नाही आणि एका मोठ्या विमानाच्या जागेत दोन लहान विमाने उभी करता येणारे स्टँड कोणते, हे ज्याला ठाऊक असते त्याला पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: प्रवासी एअरोब्रिजने उतरणार की बसने, टो-बार (विमान ओढण्याचा दांडा) कोणता लागेल, उभ्या विमानाला वीज देणारे ग्राउंड पॉवर युनिट तिथे आहे की ओढून न्यावे लागेल. पहिल्या आठवड्यातच मला हे प्रश्न विचारता आले, याचे श्रेय मी अभ्यासक्रमाला देते.

यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची सवय हीसुद्धा तिथलीच कमाई. हवामानाचे अहवाल आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) यूटीसीमध्ये असतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते आणि त्यामुळे रात्रपाळी संपत आलेली असताना, पहाटे साडेपाचला, कागदावरची तारीख बदलते. जुलैतल्या अहवालात ‘२७०१२केटी ३००० आरए’ असे दिसले, की पश्चिमेकडून १२ नॉटचा वारा, ३००० मीटर दृश्यमानता आणि पाऊस हे आता विचार न करता वाचले जाते.

उणीव जाणवली ती मुंबईची. संस्थेच्या टिपणांत सिंगापूर आणि लंडनच्या विमानतळांची उदाहरणे पानोपानी होती. संस्थेपासून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या विमानतळाबद्दल मात्र जेमतेम एक प्रकरण. वास्तविक शिकण्यासारखे इथे किती आहे! ०९/२७ आणि १४/३२ या आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन असूनही एका वेळी एकीचाच वापर होतो, आणि एवढ्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा सांभाळली जाते. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी मे महिन्यात एक दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच दोन्ही धावपट्ट्या बंद ठेवतात आणि त्याची सूचना विमान कंपन्यांना सुमारे सहा महिने आधी दिलेली असते. त्या सहा तासांच्या अलीकडे-पलीकडे रॅम्पवर काय धांदल उडते, याचा एक तास जरी वर्गात घेतला असता तरी बरेच काही पदरात पडले असते. कायद्याच्या विषयातही टिपणे शिळी होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. आम्हाला मात्र १९३४ चाच कायदा चालू असल्यासारखा शिकवला गेला.

विलंबाच्या संकेतांना टिपणांत अर्धे पान होते आणि माझ्या कामाचा मोठा भाग नेमका त्यांच्यातच जातो. विमान उशिरा सुटले, की प्रत्येक मिनिट दोन अंकी संकेताखाली नोंदवावे लागते: आधीच्या फेरीमुळे आलेला उशीर ९३, सामान चढवण्याचे मनुष्यबळ कमी पडले तर ३२, यंत्रसामग्री नसेल किंवा बिघडली तर ३३, आणि खराब हवामानामुळे जमिनीवरचे काम अडले तर ७७. यांतले ३२ आणि ३३ आमच्या कंपनीच्या माथी येतात, ७७ कोणाच्याच नाही. म्हणून खरी ओढाताण या आकड्यांमध्ये असते. जुलैत एका रात्री आधीच उशिरा आलेल्या विमानाचे सामान उतरवताना विजांचा इशारा आला, काम थांबले, आणि इशारा मागे घेतल्यावर बेल्ट लोडर (सामान चढवण्या-उतरवण्याचा सरकता पट्टा) काही केल्या सुरू होईना. एकाच उशिरात तीन कारणे मिसळली होती आणि विमान कंपनीचा प्रतिनिधी सगळा उशीर ३३ मध्ये टाकायला सांगत होता. आमचे पाळीप्रमुख मूळचे कणकवलीकडचे, रॅम्पवर केस पिकलेले. ते एवढेच म्हणाले, “मॅडम, आधी वेळा लिहून घ्या, भांडायचं ते मागाहून.” चाकांना चॉक्स (अडण्या) कधी लागले, होल्डचे (सामानाच्या कप्प्याचे) दार कधी उघडले, काम कधी थांबले, पुन्हा कधी सुरू झाले, दुसरा लोडर कधी पोहोचला, हे मी भिजक्या कागदावर मिनिटांनिशी उतरवले आणि मग उशिराची वाटणी फारशी वादावादी न होता झाली. हे कौशल्य कोणत्याही वर्गात पूर्णपणे शिकवता येणार नाही हे मान्य आहे, पण ते नोकरीचा गाभा आहे एवढे तरी विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

पासचा विषय आम्हाला एका व्याख्यानात उरकला गेला, आणि नव्या उमेदवारांचे सर्वाधिक दिवस खातो तो हाच विषय. विमानतळ प्रवेशपत्र, म्हणजे एईपी, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोकडून मिळते. त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी आणि सुरक्षाविषयक प्रशिक्षण लागते, आणि विमानतळाच्या कोणकोणत्या भागांत जाता येईल याची अक्षरे त्यावर छापलेली असतात. तो पास हातात येईपर्यंत नेमणूकपत्र असूनही माणूस कार्यालयात बसून राहतो. भाड्याच्या घरांमुळे पत्ते बदललेले असतील किंवा आधार आणि पदवीवरील नावांत एका अक्षराचा फरक असेल, तर दुरुस्ती अर्ज करण्यापूर्वीच करून घ्यावी. हा नियम व्यक्तींपुरताच नाही, कंपन्यांनाही सुरक्षा मंजुरी लागते; मे २०२५ मध्ये एका परदेशी ग्राउंड हँडलिंग कंपनीची मंजुरी केंद्राने रद्द केली आणि तिच्या मुंबईतल्या हजारो कर्मचाऱ्यांपुढे रातोरात प्रश्न उभा राहिला. एअरसाइडवर गाडी चालवण्याचा परवाना वेगळा असतो, पण त्यासाठी मुळात हलक्या वाहनाचा परवाना हवाच. आमच्या तुकडीतल्या निम्म्या मुलींकडे तो नव्हता आणि संस्थेने प्रवेशाच्या वेळी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आता प्लेसमेंटबद्दल. जाहिरातीतले ‘शंभर टक्के’ म्हणजे मुलाखतींची एक यादी निघाली आणि त्या यादीतल्या बहुतेक जागा चेक-इन काउंटरच्या होत्या. काउंटरचे काम कमी दर्जाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, उलट संतापलेल्या प्रवाशाला शांत करणे रॅम्पपेक्षा अवघड. पण ऑपरेशन्सच्या नावाखाली शुल्क घेतल्यावर ऑपरेशन्सच्या मुलाखती मिळायला हव्या होत्या. माझी नोकरी मी कंपनीच्या थेट भरतीला जाऊन मिळवली.

मालक कोण, हा गोंधळ तर अनेकांच्या मनात नोकरी लागेपर्यंत असतो. मुंबईचा विमानतळ २००६ पासून खासगी भागीदारीतील कंपनी चालवते आणि त्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आहे; हवाई वाहतूक नियंत्रण प्राधिकरणाकडे, सुरक्षा सीआयएसएफकडे, रॅम्प आमच्यासारख्या कंपन्यांकडे. प्राधिकरणाच्या कनिष्ठ कार्यकारी (विमानतळ संचालन) पदासाठी त्यांच्या जाहिरातींत विज्ञान पदवीसह एमबीए किंवा अभियांत्रिकीची पदवी मागितलेली असते आणि तिथे या पदविकेला वेगळे वजन नाही. ज्यांना ते पद गाठायचे आहे त्यांनी पैसे आणि वर्ष दुसरीकडे खर्च करावे. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानांची ये-जा सुरू झाली, त्यामुळे रॅम्प आणि टर्मिनलच्या जागा वाढल्या आहेत. पनवेल, उरण, उलवे भागातल्या मुलामुलींना सहारपर्यंतची यातायात न करता सुरुवात करता येईल.

पगार आणि पाळ्या यांबद्दल फार लिहीत नाही. सुरुवातीचा पगार मुंबईत वेगळे घर घेऊन राहण्याइतका नसतो, आणि मेट्रो ३ टर्मिनल २ पर्यंत आली असली तरी पहाटे पाचच्या पाळीला तिचा उपयोग नाही, कारण तेव्हा ती सुरू झालेली नसते. मी डोंबिवलीहून येते. कंपनीची गाडी नसती तर मी ही नोकरी टिकवू शकले नसते, म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच ठामपणे गाडीबद्दल विचारावे.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी तीन देईन. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्या आणि विमानतळाचा अजिबात गंध नसलेल्या विद्यार्थ्याला या वर्षाचा निश्चित फायदा होईल. ज्याला आधीच रॅम्पवर किंवा टर्मिनलमध्ये काम मिळते आहे, त्याने आधी काम धरावे आणि कंपनीने पाठवले तरच पुढचे प्रशिक्षण घ्यावे. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडे मागच्या तुकडीची यादी मागावी आणि त्यातले किती जण काउंटरवर, किती रॅम्पवर आणि किती विमानतळ चालवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात गेले हे आकड्यांत विचारावे. आकडे मिळाले नाहीत, तर त्या पैशांतून आधी मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे शुल्क बाजूला काढावे.