परदेशातली रोजची पाऊच: दहा महिने, तीन इंचांचं पातं आणि नाशकात ठेवलेला पेपर स्प्रे

मी प्रयोगशाळांमधली उपकरणं बसवते आणि दुरुस्त करते. गेले दहा महिने कामाचं ठिकाण मँचेस्टर आहे आणि मधले नऊ दिवस प्रशिक्षणासाठी जपानला जाऊन आले. त्याआधीची बारा वर्षं नाशिक आणि सुट्टीत सह्याद्री. ट्रेकला जाणाऱ्या कुणाच्याही सॅकच्या वरच्या कप्प्यात चाकू असतोच, तसा माझ्याही होता. किल्ल्यांच्या जुडग्याला पेपर स्प्रे, पर्सच्या खणात छोटी कैची. या वस्तूंशिवाय घराबाहेर पडलं की काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. हा अनुभव त्याच वस्तूंचा, म्हणजे रोज बरोबर असणाऱ्या माझ्या छोट्या पाऊचचा आहे: कोणत्या बरोबर आणल्या, कोणत्या ठेवून आले आणि बदली घेतलेल्या वस्तू दहा महिन्यांत कशा वागल्या. ब्रँडची नावं लिहीत नाही, कारण कायदा ब्रँड बघत नाही. तो पातं, लॉक आणि तुमचं उत्तर बघतो.

सुरुवात पेपर स्प्रेपासून करते, कारण सगळ्यांत जास्त त्रास त्यानेच दिला.

पहिली नोकरी लागली तेव्हा माझी शिफ्ट अंबड एमआयडीसीत रात्री साडेअकराला सुटायची. आत्याने मेडिकलमधून स्प्रे आणून स्वतःच्या हाताने जुडग्यात अडकवला होता. आठ वर्षांत एकदाही वापरला नाही. पण रिक्षात बसल्यावर अंगठा त्याच्या झाकणावर असायचा, ही सवय हाताला लागली होती. निघायच्या आठवड्यात ब्रिटनचे नियम वाचायला घेतले आणि समजलं, की तिथे पेपर स्प्रे १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या पाचव्या कलमात येतो. म्हणजे बंदुकांच्या कायद्यात, आणि तेही पूर्ण बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत. नुसता जवळ असणं हाच गुन्हा. आपल्याकडे जी वस्तू बायका एकमेकींना काळजीने भेट देतात, ती तिथे बेकायदा हत्यार ठरते. मी तो जुडग्यातून काढला तेव्हा आत्या समोर बसली होती. ती म्हणाली, "मग तिकडे एकट्या पोरींनी करायचं काय गं?" मला उत्तर देता आलं नाही. स्प्रे कपाटात गेला आणि पहिले दोन महिने मी रिकामा जुडगा मुठीत धरून चालत होते.

त्याच्या जागी काय घ्यायचं, याचं उत्तर तिथल्या पोलिसांच्या प्रश्नोत्तरांत सापडलं: स्वसंरक्षणासाठी म्हणून निर्धास्त बाळगावी अशी वस्तू एकच, पिन ओढली की किंचाळणारा अलार्म. तो घेतला. काड्यापेटीएवढा, जाकिटाच्या झिपला लावता येतो. आवाज खरोखर कानठळ्या बसवणारा आहे, खोलीत तपासायला ओढला तर घरमालकीणबाई जिना चढून वर आल्या. त्रास एकच झाला. पिन फार सैल होती. थंडीत जाड हातमोज्यांनी झिप ओढताना बसमध्ये दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा गाडीभर लोक माझ्याकडे वळून बघत होते. मग पिनेच्या दोरीला दुहेरी गाठ मारून ती आखूड केली. तेव्हापासून आपोआप सुटलेली नाही. बॅटरी सातव्या महिन्यात बदलली. ज्या मुलींना इकडे शिकायला यायचं आहे त्यांनी हीच वस्तू घ्यावी, आणि महिन्यातून एकदा ओढून बघावी.

आता चाकू. इंग्लंडमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं १३९ वं कलम आहे. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय पातं असलेली किंवा टोकदार वस्तू जवळ बाळगायला मनाई, अपवाद फक्त खिशातल्या घडीच्या चाकूचा. त्याची धार ३ इंचांहून, म्हणजे ७.६२ सेंटीमीटरहून लांब नको. आणि कायद्यात न लिहिलेली पण न्यायालयाने स्पष्ट केलेली अट अशी, की पातं उघडल्यावर लॉक होत असेल, म्हणजे खटका दाबल्याशिवाय मिटत नसेल, तर तो 'घडीचा चाकू' धरला जात नाही. मग लांबी कितीही कमी असो, जवळ बाळगायला सबळ कारण लागतं आणि ते पटवून देण्याची जबाबदारी आपली. शिक्षा चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. आपल्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा आहे आणि घरगुती, शेतीच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे आपण या बाबतीत कधी विचारच केलेला नसतो. कोयता घेऊन एसटीत बसलेला माणूस आपल्याला शेतावर निघालेला दिसतो.

माझा ट्रेकचा जुना चाकू लॉकवाला, नऊ सेंटीमीटरचा. हरिश्चंद्रगडावर त्याने काकड्या कापल्या, पावसात सॅकचा तुटलेला पट्टा शिवायला भोकं पाडली. तो नाशकातच राहिला. नवा घेतला तो बिनलॉकचा, पातं ६.३ सेंटीमीटर. दुकानदाराच्या शब्दावर न राहता शाळेची पट्टी लावून मोजलं.

दहा महिन्यांत या चाकूने काय केलं? सफरचंदं, ब्रेड, चीज, पार्सलचे खोके, पीक डिस्ट्रिक्टमधल्या भटकंतीत बुटाची नाडी. एवढंच, आणि एवढ्याला तो पुरून उरला. पण बिनलॉकच्या पात्याशी हाताची ओळख नव्याने करून घ्यावी लागते. लॉकवाल्या चाकूवर आपण टोकाने जोर देतो, खुपसतो, पिळतो. इथे तसं केलं की पातं मागे वळून बोटांवर मिटतं. दुसऱ्याच आठवड्यात नारळाच्या वाटीतून खोबऱ्याचा तुकडा काढताना तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर जखम झाली, तिची खूण अजून आहे. आता टोक वापरतच नाही, धार खाली ठेवून ओढत कापते. नवशिक्याने हे आधी शिकून घ्यावं.

एक बारीक गोष्ट सांगते, ती कुठल्या माहितीपत्रकात नसते. नाशकात मी चाकूच्या सांध्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडायचे. इथेही सोडला. नोव्हेंबरात एके सकाळी पातं उघडेना, नख लावून ओढलं तर नख तुटलं. सांध्यात पांढरी साय जमली होती. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि माझी बॅग रात्रभर दाराजवळच्या गारठ्यात होती. कोमट पाण्यात धुऊन, पुसून शिलाई मशीनचं तेल घातलं, तेव्हापासून उघडझाप लोण्यासारखी आहे.

तिसरी वस्तू सगळ्यांत जास्त वापरली गेली: बिनपात्याचं मल्टिटूल. पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, छोटी कैची, कानस, बाटली उघडणी. नेहमीच्या मोठ्या मल्टिटूलमध्ये पातं असतं आणि बहुधा लॉक होणारं असतं, म्हणजे ब्रिटनमध्ये रोज खिशात ठेवायला ते चालत नाही. बिनपात्याचं घेताना मला ते अर्धवट वाटलं होतं. वापरून मत बदललं. चष्म्याचा स्क्रू, सायकलचा ब्रेक, बॅगेची अडकलेली झिप, कामावर निखळलेली पट्टी, सगळं त्यानेच निस्तरलं. पक्कडीचा जबडा पाचव्या महिन्यात जरा वाकडा झाला, तो मी गंजलेला नट फिरवायला लावला म्हणून. या आकाराच्या पक्कडीकडून ते काम मागू नये. घ्यायची एकच वस्तू असेल तर हीच घ्या.

टॉर्चबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण डिसेंबरात मँचेस्टरला चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे ती पाऊचमधून कधी निघाली नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. वस्तू कायदेशीर आहे का, एवढाच प्रश्न आपण विचारतो. ब्रिटनमध्ये त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न असतो: ती आत्ता, या जागी तुमच्याजवळ का आहे? १९५३ च्या प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम ॲक्टप्रमाणे इजा करण्याच्या हेतूने जवळ ठेवलेली कोणतीही वस्तू हत्यार ठरू शकते. म्हणजे तीन इंचांच्या आतला, बिनलॉकचा, पूर्ण कायदेशीर चाकू असला आणि पोलिसाला तुम्ही म्हणालात "जवळ असलेला बरा, रात्री एकटी असते", तर त्या वाक्याने तुम्ही स्वतःच त्याचं हत्यार करून टाकलंत. आपल्याकडून हे वाक्य अगदी सहज निघतं. लहानपणापासून आपल्याला तेच शिकवलेलं असतं. म्हणून इथे शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना मी भेटले की चाकूच्या लांबीआधी हे सांगते.

माझ्यावर ती वेळ आली होती. एका मोठ्या स्टेशनवर पोलिसांनी धातू शोधणारी कमान लावली होती. माझ्या पाठीवर कामाची बॅग होती, तिच्यात केबल सोलायचा लॉकवाला चाकू. कमान वाजली. बाजूला घेऊन एका बाईंनी शांतपणे विचारलं, बॅगेत धारदार काही आहे का. मी म्हणाले, "हो, केबलचा चाकू, कामाचा. आत्ता एका प्रयोगशाळेत निघाले आहे." बॅग उघडून दाखवली. चाकू हत्यारांच्या गुंडाळीत, मल्टिमीटर आणि स्ट्रिपरच्या मधल्या कप्प्यात होता. भेटीची वेळ लिहिलेला मेल फोनवर दाखवला. पाच मिनिटांत सोडलं. जाताना त्या म्हणाल्या, शनिवारी हीच बॅग घेऊन फिरायला आलात तर हे कारण चालणार नाही. काम हे सबळ कारण आहे, पण ते कामाच्या वेळेपुरतं. "बॅगेत राहून गेला" एवढ्यावर न्यायालयात सुटका होत नाही. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी ती गुंडाळी बॅगेतून काढून कपाटात ठेवते.

विळीचीही तीच गोष्ट. गणपतीत इथल्या मंडळाच्या मोदकांसाठी नारळ खवायचे होते आणि खवणीची घडीची विळी माझ्याकडेच होती, चेक-इन बॅगेतून आणलेली. काकू म्हणाल्या, बसने घेऊन ये ना. विळीचं पातं तीन इंचांहून केव्हाही लांब, तेव्हा ती 'घडीची' असल्याचा इथे उपयोग नाही, कारण लागतंच. कारण होतंही, आणि धर्मासाठी, कामासाठी, पारंपरिक पोशाखासाठी पातं बाळगणं तर हा कायदा नावानिशी मान्य करतो. शिखांची किरपाण त्यातूनच चालते. तरी मी विळी आधी वर्तमानपत्रात, मग टॉवेलात गुंडाळली, डब्यात घालून दोरी बांधली, वर सहा नारळ ठेवले आणि काकूंचा "विळी विसरू नकोस" हा मेसेज पुसला नाही. सरळ हॉलवर गेले, काम झालं की सरळ घरी आले. वाटेत खरेदीला उतरले नाही.

जपानला जाताना पाऊच जवळजवळ रिकामी केली. तिथे सहा सेंटीमीटरहून लांब पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायला मनाई आहे, आणि त्याहून लहान असलं तरी १९४८ चा किरकोळ गुन्ह्यांचा कायदा आहे, तो लपवून ठेवलेल्या छोट्या पात्यालाही लागू होतो. स्वसंरक्षण हे कारण तिथेही धरत नाहीत. २००८ मध्ये टोकियोतल्या अकिहाबारात सात माणसं मारली गेली, त्यानंतर दुधारी पात्यांचे नियम आणखी कडक झाले. माझा ६.३ चा चाकू मँचेस्टरच्या खणात राहिला. नऊ दिवस फक्त टॉर्च, अलार्म आणि नेलकटर. एकदाही अडलं नाही.

विमानाबद्दल एकच. विमान कंपनीने चेक-इन बॅगेत चालेल म्हटलं म्हणजे उतरल्यावर त्या देशात चालेल असं नाही. वाटेत बदलायच्या विमानतळाचाही विचार करा. हाँगकाँगला पेपर स्प्रे आणि शॉक देणारं यंत्र दोन्ही बंदुकांच्या कायद्याखाली येतात, आणि नुसतं विमान बदलायला उतरलेले प्रवासीही त्यापायी अडकले आहेत. जुन्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. माझ्या ट्रेकच्या सॅकच्या अस्तरात एक ब्लेड निघालं, ते केव्हाचं होतं मला आठवतही नव्हतं. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच.

धाकटी बहीण सप्टेंबरात लीड्सला शिकायला येते आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "ताई, आत्याचा स्प्रे कपाटात आहे, तो आणू का?" तो तिथेच ठेव म्हणाले. तिच्यासाठी दुसरा अलार्म घेऊन ठेवला आहे, पिनेची दोरी आखूड करून, गाठ मारून. आणि तिला म्हटलं, चाकू आणणार असशील तर आधी पट्टी लावून फोटो पाठव. काल रात्री आला. तिने तर्जनीने पातं धरलं आहे, पट्टीवर ८.१ दिसतंय आणि दांड्याच्या फटीत लॉकची पोलादी पट्टी चमकतेय. तिचाही चाकू नाशकातच राहील, माझ्या चाकूशेजारी.