जंगल बुकचे पडद्यावरचे अवतार: आधी अजगराकडे बघा

‘जंगल बुक’चं एखादं रूपांतर पुस्तकाशी किती इमान राखतं हे जोखायचं असेल, तर मोगलीकडे नको, ‘का’ नावाच्या अजगराकडे बघा. रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकात (१८९४) हा अजगर मोगलीच्या बाजूचा. माकडं मोगलीला पळवून नेतात तेव्हा बल्लू आणि बघीरा याच्याच पाया पडतात, कारण माकडांची टरकते ती फक्त याच्यापुढे. मग तो पडक्या नगरीत नाचायला लागतो. माकडं एकेक पाऊल त्याच्याकडे सरकतात आणि त्यांच्यासोबत बल्लू-बघीराही सरकायला लागतात! मोगली त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो तेव्हा कुठे ते भानावर येतात. माणसाच्या पोरावर त्या नाचाची जादू चालत नाही.

डिस्नेच्या १९६७च्या कार्टूनने हे सगळं उलटं केलं. तिथे अजगर मोगलीलाच भुलवून गिळायला बघतो, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याचं हसं होतं. वर ओरांगउटान राजा लुई आणला, जो पुस्तकात नाहीच. पुस्तकातली खोच अशी की माकडांना ना राजा, ना कायदा, ना सकाळी ठरवलेलं संध्याकाळी आठवत. त्यांना राजा दिला की खोच गेली. शिवाय ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओचा, पुस्तकातली गोष्ट घडते त्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलात तो कुठून येणार? एवढं असूनही पाच-सहा वर्षांच्या पोरांसाठी सुरुवात इथूनच करा. ७८ मिनिटांचा मामला आहे, गाणी झकास आहेत आणि शेरखान मरत नाही, शेपटीला जळती फांदी बांधल्यावर धूम ठोकतो. फक्त याला ‘जंगल बुक’ न म्हणता बल्लूचा सिनेमा म्हणावं. पुस्तकातला बल्लू म्हणजे धडा चुकला की चापट देणारा कडक मास्तर. इथे तो सुट्टीवर आलेला मामा झालाय.

त्याच १९६७ साली मॉस्कोच्या सोयूझमल्टफिल्म या कार्टून स्टुडिओने रोमान दाविदोवच्या दिग्दर्शनाखाली ‘माउग्ली’ सुरू केला. साधारण वीस-वीस मिनिटांचे पाच भाग १९७१पर्यंत पूर्ण झाले, पुढे ते जोडून एक सलग सिनेमाही झाला. आपल्याकडे हा फारसा कुणी पाहिलेला नाही, आणि पुस्तकाच्या सगळ्यात जवळ हाच आहे. बघीरा इथे मादी आहे, तेवढा बदल सोडून द्या. अजगराचा नाच बघाच: रेषा मोजक्या, रंग गडद, आणि विनोदाचा टिपूस नाही. किपलिंगच्या ‘सेकंड जंगल बुक’मधली रानकुत्र्यांची झुंडही यात आहे, जिला बहुतेक सिनेमे हात लावत नाहीत. हिंदीच्या भानगडीत न पडता रशियन आवाज आणि सबटायटल्स असलेली प्रत शोधा. सबटायटल्स वाचता येणारं, म्हणजे आठेक वर्षांपुढचं मूल हवं.

मुंबईतल्या चाळिशीच्या मंडळींसाठी मात्र ‘जंगल बुक’ म्हणजे १९९३ची दूरदर्शनची रविवार सकाळ. ती मालिका मूळ जपानी, १९८९ची, ५२ भागांची. गुलजारांचं चड्डीवाल्या फुलाचं गाणं, विशाल भारद्वाजचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. आता बसून बघायला गेलं तर वेग मारून टाकतो, मधले कित्येक भाग नुसते भरीचे आहेत आणि मोगलीच्या हातात बूमरँग का, याला उत्तर नाही. पण अजगर इथे मित्रच आहे, आणि लांडग्यांच्या कळपाची सभा, त्यांचा म्होरक्या अकेला याचं म्हातारपण यांना पुरेसा वेळ मिळतो. सलग बघू नका. सुरुवातीचे भाग आणि शेरखानचे भाग वेचून घ्या.

२०१६चा जॉन फॅवरोचा सिनेमा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. मोगली झालेला नील सेठी आणि त्याच्या पायाखालची थोडी जमीन खरी, बाकी जंगल संगणकावरचं. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते रास्तच. लुई इथे जायगँटोपिथेकस झालाय, म्हणजे आशियातला नामशेष झालेला महाकाय वानर. भूगोलाची चूक तेवढी सुधारली. पण तो गातोच, आणि ऐन भीतीच्या प्रसंगात गाणं घुसल्यावर ताण सैल पडतो. अजगर परत खलनायक. हिंदी ट्रॅक लावा: नाना शेरखान म्हणून परत आलेत आणि इरफान खानचा बल्लू पंजाबी ढंगात बोलतो. प्राण्यांची तोंडं प्राण्यांसारखीच ठेवल्यामुळे ओठांची जुळणी खटकत नाही. सेन्सॉरने यूए दिलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला शेरखानची पहिली उडी जड जाऊ शकते.

अँडी सर्किसचा ‘मोगली’ (२०१८, नेटफ्लिक्स) बरोबर उलट्या जागी अडखळतो. अजगर परत मोगलीच्या बाजूला, कळपाचे नियम कडक, बल्लू मास्तर. कागदावर सगळं पुस्तकासारखं. पण मोशन कॅप्चरमधून (नटाचे हावभाव टिपून संगणकावरच्या प्राण्याला देण्याचं तंत्र) नटांचे चेहरे प्राण्यांवर इतके उतरलेत की धड ना माणूस, ना जनावर. हिंदीत माधुरी, करीना, जॅकी श्रॉफ असल्यामुळे नट लगेच ओळखू येतो आणि लांडगा मागे पडतो. शिकाऱ्याच्या खोलीतला एक प्रसंग लहानांना अजिबात दाखवू नये. बारा वर्षांखाली नकोच. त्या शिकाऱ्याचं नाव जॉन लॉकवूड, आणि हेच किपलिंगच्या वडिलांचं नाव. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे, तिथल्याच आवारात १८६५ला रुडयार्ड जन्मला. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची दगडी शिल्पंही लॉकवूड यांचीच. ज्यांनी मुलाच्या पुस्तकासाठी चित्रं काढली त्यांचं नाव शिकाऱ्याला का दिलं, हे सर्किसच जाणे.

एक गोष्ट मात्र डिस्ने, फॅवरो आणि सर्किस या तिघांनीही वाया घालवली: शेरखानचा मृत्यू. पुस्तकात तो आगीने मरत नाही की सुरीने. शेरखान डुक्कर खाऊन, पाणी पिऊन वैनगंगेच्या एका कोरड्या घळीत पडलाय. मोगली आणि अकेला गावच्या कळपाचे दोन भाग करतात. लेकुरवाळ्या म्हशी घळीच्या खालच्या तोंडाशी, आणि रामा नावाच्या म्होरक्यामागचे रेडे वरच्या तोंडातून खाली सोडलेले. भरल्या पोटी शेरखानला उभी कड चढता येत नाही. गुराख्याला कळावं असं हे गणित आहे, आणि भंडाऱ्या-गोंदियाकडच्या माणसाला ती वैनगंगा नकाशात शोधावी लागत नाही. हे पान मुलांना आधी वाचून दाखवा, मग २०१६चा शेवट लावा. आगीच्या वर लटकलेली ती फांदी किती सोयीची आहे, हे पोरंच सांगतील.