प्लास्टिक सर्जरी विभागाचा अनुभव: भावाचा पाय आणि हुकलेली पहिली रात्र

मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात धाकट्या भावासोबत मी ४१ दिवस राहिले. उपचार अजून चालू आहेत म्हणून रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पण विभागाबद्दल लिहायलाच हवं, कारण आमच्या कोकणात दुर्घटना घडली की या डॉक्टरांची आठवण सगळ्यात शेवटी होते.

संदेश हर्णैच्या बोटीवर खलाशी. गेल्या मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन परतणारा टेम्पो घाटात उलटला. २२ जखमी, आणि वाटेतल्या ज्या दवाखान्यात सगळ्यांना नेलं तिथे दोनच डॉक्टर. संदेशचा उजवा पाय टेम्पोखाली अडकला होता. नडगीचं हाड मोडलं होतं आणि पोटरीची कातडी मोजा उतरवावा तशी घोट्यापर्यंत सोलून निघाली होती. रात्री दोन वाजता त्यांनी ती ओढून घट्ट टाके घातले, प्लास्टर चढवलं. जखम बंद झालेली बघून आमचा जीव भांड्यात पडला.

पहाटे पाय टम्म फुगला. अंगठा नुसता हलवला तरी पोरगा किंचाळायचा. सांगितलं तर म्हणाले, हाड मोडलंय, दुखणारच. दुसरी गोळी दिली. १०८ मिळून मुंबईला पोचेपर्यंत दुपार झाली होती.

तिथे हाडांचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जरीच्या मॅडम एकदमच आल्या. मॅडमनी प्लास्टर कापलं, बोटं चाचपली आणि टाके तिथल्या तिथे उसवायला घेतले. आत आमच्या घाटातली तांबडी माती होती, टाक्यांखाली जशीच्या तशी. मला म्हणाल्या, "ताई, चिरडलेली, मातीची जखम पहिल्या दिवशी शिवायची नसते. धुवायची, मेलेलं काढायचं आणि उघडी ठेवायची." त्याच संध्याकाळी ऑपरेशनमध्ये स्नायूंवरचं ताठर आवरण उभं चिरून दाब मोकळा केला. याला फॅसिओटॉमी म्हणतात. हे काही तासांत व्हावं लागतं. आम्हाला उशीर झाला होता. नडगीच्या पुढचे काही स्नायू काळे पडलेले निघाले, ते गेले.

त्या दवाखान्यातल्या दोघांनी रात्रभर पाठ टेकली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही माझा राग गेलेला नाही. कुठला पाय थांबू शकतो आणि कुठला नाही, हे फोनवर विचारायला एक प्लास्टिक सर्जन असता तर?

पुढे दर दोन दिवसांनी ऑपरेशन थिएटरात जखम धुणं. हाड बाहेरच्या सळ्यांनी धरलेलं, जखमेत काळा स्पंज, वर चिकट कागद आणि नळी लावलेलं ओढणारं मशीन, ज्याला सगळे वॉर्डात व्हॅक म्हणतात. डब्यात जमा होणारं लालसर पाणी किती भरलं, ते मी वहीत लिहायचे. आठव्या दिवशी मोठं ऑपरेशन: पाठीचा एक स्नायू काढून नडगीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रोहिणी-नीला पायातल्या रक्तवाहिन्यांना केसाहून बारीक दोऱ्याने जोडली. सकाळी नऊला आत नेलेला, बाहेर आणला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत होते. रात्रभर सिस्टर दर तासाला येऊन रंग बघत, हात लावून ऊब बघत आणि पेनासारखं यंत्र टेकवत. त्यातून फस्स, फस्स असा रक्ताचा आवाज यायचा. तो मी अजून झोपेत ऐकते. वर मांडीची पातळ कातडी लावली, आणि खरं सांगते, पायापेक्षा ती मांडीच त्याला जास्त दुखली.

मी शाळेत शिकवते, वाचायची सवय आहे. मार्को गोदिना नावाच्या स्लोव्हेनियन सर्जनचा ५३२ रुग्णांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. जखम ७२ तासांत झाकली तर लावलेला तुकडा वाया जाण्याचं प्रमाण ०.७५ टक्के, त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत केलं तर १२ टक्के. हे आकडे वाचून मी वही मिटून ठेवली.

महाडची इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली, तळियेवर दरड २२ जुलै २०२१ ला आली. घाट आहेत, रसायनांचे कारखाने आहेत. ढिगाऱ्यातून माणूस जिवंत निघाला की आपण टाळ्या वाजवतो. पण चिरडलेल्या स्नायूंतलं विष रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडू शकतात, म्हणून सलाईन ढिगाऱ्यातच सुरू करावं लागतं, आणि हातपाय वाचवायची धडपड त्याच रात्री सुरू होते. आपत्तीच्या पथकात प्लास्टिक सर्जन पहिल्या गाडीत हवा.

विभागाच्या उणिवाही सांगते. नातेवाइकांना झोपायला जागा नाही, मी ते ४१ दिवस जिन्याखाली चटईवर काढले. डिस्चार्जचा कागद पूर्ण इंग्रजीत. आईला काय कळणार? ऑपरेशनं महात्मा फुले योजनेत बसली, स्पंजाचे काही पैसे मात्र बाहेर भरावे लागले. व्यायामाच्या मॅडम आठवड्यातून दोनदाच यायच्या, तिथे माणूस वाढवायला हवा. बाकी वागणुकीला मी पूर्ण गुण देते. मामांपासून मोठ्या सरांपर्यंत कुणी एकदाही खेकसलं नाही.

आता संदेश चालतो, पण पंजा पूर्ण वर उचलत नाही, म्हणून चपलेत पट्टी घालतो. लावलेल्या भागाला संवेदना नाही. काटा रुतला, गरम पाणी पडलं तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री आई बॅटरी लावून पाय तपासते आणि कातडीला खोबरेल तेल चोळते. बोटीवर अजून परवानगी नाही. ओटीवर बसून जाळी शिवतो. लावलेला भाग जाड आहे, गमबूट चढत नाही. तो पातळ करायला डिसेंबरात बोलावलंय.