गृहज्योती, दोन वर्षांनंतर: चार युनिटांनी घात केला

मे 2025 चं लाईट बिल हातात पडलं तेव्हा वाटलं, शेजारच्यांचं चुकून आमच्या दारात टाकलंय. दोन वर्षं शून्याची, नाहीतर शे-दोनशेची सवय. यावेळी अठराशे! आर.आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, पडताळला, आमचाच. वापर 204 युनिट.

गृहज्योती ही कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना आपल्या बेळगावात सगळ्यांना पाठ आहे, तरी थोडक्यात. 2022-23 मधल्या महिन्याच्या वापराची सरासरी काढून त्यावर दहा टक्के वाढवायचे, तेवढं फुकट. आमचा आकडा 110. त्याच्या वर गेलात पण 200 च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की पहिल्या युनिटापासून सगळं भरा. म्हणजे 200 वर थांबलो असतो तर 90 युनिटांचे, 5 रुपये 80 पैशांनी, 522. पुढचे चार युनिट म्हणजे आमचा दोन हजार वॅटचा गीझर दोन तास. कोल्हापूरची बहीण लग्नासाठी पोरांसकट आठ दिवस होती. मे महिन्यातही त्या पोरांना गरम पाणी लागतं, काय बोलणार.

पण मला खरा राग आला तो वेगळ्याच ओळीचा. बिल कन्नडमध्ये, माझं वाचन अडखळत, म्हणून समोरच्या अक्कांकडे नेलं. त्यांनी बोट ठेवलं: स्थिर आकार 435. किलोवॅटला 145, आणि आमचा मंजूर लोड, म्हणजे एकावेळी वीज खेचायची मर्यादा, तीन किलोवॅट. बाबांनी कधीकाळी एसी बसवायच्या बोलीवर घेतलेला. एसी आलाच नाही, लोड मात्र राहिला. शून्य बिलाच्या दिवसांत ही ओळ कोण बघतंय! वर युनिटमागे 36 पैसे वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा अधिभार आणि नऊ टक्के कर.

एक किलोवॅट कमी करायचा म्हणून वीज कंपनीच्या ऑफिसला तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा अर्जाचा नमुना संपलेला. दुसऱ्यांदा "साहेब्रु ऊटक्क होग्यार", म्हणजे साहेब जेवायला गेलेत, तेही साडेअकराला. तिसऱ्यांदा काम झालं, आणि घरी येताना रिक्षात डोक्यात प्रकाश पडला की बिल शून्य आलं तर या 145 चा मला काडीचा उपयोग नाही. रिक्षाचेच तीन वेळचे पैसे त्याहून जास्त गेले. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

इथपर्यंत मी योजनेला पाचपैकी दोनच तारे देणार होतो. मग मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. मीटरवर 3200 छापलंय, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला. तरी दिवा वीस सेकंदांनी लुकलुकतोय! तासाला 180, दिवसाला 4320, म्हणजे सव्वा युनिटाहून जास्त. महिन्याला चाळीस युनिट कोणीतरी गुपचूप पितंय. इन्व्हर्टर काढला आणि दिवा थांबला. सात वर्षांची बॅटरी, चार्ज होत बसते आणि भरत काही नाही. चार युनिटांसाठी मी बहिणीच्या पोरांना मनात शिव्या घालत होतो.

म्हणून आता साडेतीन देतो. दराबद्दल तक्रारही कमी झाली. 2023 मध्ये शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटांना सात रुपये लागायचे. एप्रिल 2024 पासून टप्पे गेले, सरसकट एकच दर. बहीण महावितरणची ग्राहक, तिला शंभरच्या वरच्या युनिटांना जवळपास दुप्पट पडतं. तिच्यासमोर रडायला गेलो आणि तिनंच मला गप्प केलं. कंपनी निवडायची सोय आपल्याला नाही. अर्ज केला नाही तर आपोआप हाच सरसकट दर, आणि आमच्या गल्लीत दोन घरं अजून तो भरतायत, का तर "आधार जोडायचा राहिला". भाडेकरूंनी एवढं करावं: घर सोडताना जुन्या मीटरला जोडलेलं आपलं आधार काढून घ्यावं, नाहीतर नव्या घरी अर्ज अडतो. मागचा वापर नसलेल्या मीटरला 58 युनिट मिळतात. फ्रिज आणि दोन पंख्यांत संपतात.

दीड तारा कापलाय तो त्या 200 च्या कड्यासाठी. 199 वर माणूस, 201 वर सावकार, हा कुठला न्याय?

जूनला 142 आले, जुलैला 129. सकाळी सहाला रीडिंग खडूनं जिन्याच्या भिंतीवर लिहितो. नवी बॅटरी घ्यायची की नाही यावर घरात एकमत नाही, संध्याकाळी करंट गेला की विषय पुन्हा निघतो.

काल बहिणीचा फोन आला, गणपतीला सगळे येतोय म्हणाली. मी म्हटलं, या की, पण मीटरवाला किती तारखेला येतो ते आधी बघून सांगतो.