टपावरची छत्री खाली उतरवली: कॅम्पर व्हॅनमधल्या डिशचे दहा महिने

गेल्या दिवाळीनंतर आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आम्ही कॅम्पर व्हॅन करून घेतली. दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, आणि आईच्या हट्टाखातर टीव्ही. आई ८१ वर्षांची आहे. तिला प्रवास आवडतो, पण संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या आणि त्यानंतर थोडा वेळ काहीतरी बघितल्याशिवाय तिचा दिवस संपत नाही. मोबाइलवर दाखवू म्हटलं तर तो स्क्रीन तिला दिसत नाही, आणि आंबा घाट उतरला की रेंजही नसते. म्हणून डिश. दहा महिने वापरून झाले. पहिले साडेतीन महिने मी ती चुकीच्या जागी बसवली होती, त्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहितो.

सुरुवात खरेदीपासून. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडच्या फिरत्या घरांवर पांढरे घुमट असतात, बटण दाबलं की आतली डिश स्वतः फिरून उपग्रह शोधते. त्याने प्रेमाने विचारलं, ‘मामा, एक पाठवू का?’ मी चौकशी केली आणि नको म्हणून कळवलं. ते घुमट तिकडच्या कंपन्यांच्या उपग्रहांसाठी बनलेले असतात, १०१, ११०, ११९ अंश पश्चिम असे (उपग्रहाची आकाशातली जागा रेखांशाने सांगतात). त्यांच्या मेमरीत तेच उपग्रह असतात आणि तिकडचा सिग्नल वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा असतो, म्हणजे त्याच्या लहरी गोल फिरत येतात. आपल्याकडच्या डीटीएचचा (उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या टीव्हीचा) सिग्नल सरळ ध्रुवीकरणाचा, आडवा किंवा उभा. तो घुमट इथे टपावर चढवला तर नुसता फिरत राहील. जहाजांवर बसवतात तसले, चालत्या वाहनातही सिग्नल धरणारे घुमट जगभर चालतात, पण एका विक्रेत्याने मला सांगितलेल्या किमतीत आमचा सगळा ओटा आणि दोन्ही पलंग झाले असते. शिवाय गाडी चालू असताना टीव्ही बघायचाच नाही, मग चालत्या गाडीत सिग्नल धरणारी डिश कशाला?

मी घेतली साधी ६० सेंटीमीटरची डिश, एक एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल घेणारा डबा) आणि डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) बॉक्स. महिन्याचं रिचार्ज नाही, हा निर्णयातला मोठा भाग होता. आमची गाडी महिन्यातून सहा-सात दिवस बाहेर असते, तेवढ्यासाठी तीसही दिवसांचे पैसे भरायला मन तयार होईना. दूरदर्शनने ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केली, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. हल्ली ती जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्वेवरून. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चाच घ्या, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. आणि अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या, म्हणजे इन्व्हर्टर न लावता बॉक्स थेट गाडीच्या बॅटरीवर चालतो. आमचा २४ इंची टीव्हीही १२ व्होल्टचाच आहे. दोन्ही मिळून तासाला तीन अँपिअर-तासांच्या (एएच) आतबाहेर खातात. रोज तीन तास बघितलं तरी १०० एएचच्या बॅटरीला ते जाणवत नाही.

आता बसवण्याचं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाडीचं काम चालू होतं, तिथेच मिस्त्रींना सांगून टपावर घडीचा खांब करून घेतला. खांब वर उचलायचा, पिन लावायची, डिश उघडायची. निघताना परत आडवी. काम सुबक झालं होतं. मिस्त्री खूश होऊन म्हणाले, ‘मालक, टपावर छत्री आली, आता हे घरच झालं की!’ मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली अडचण पन्हाळ्यावर आली. जिथे गाडी लावायला मिळाली ती जागा उताराची होती. डिश उचलली, होकायंत्र बघून आग्नेयेला वळवली, आणि अर्धा तास काहीच नाही. नंतर घरी बसून हिशेब समजून घेतला तेव्हा कारण कळलं. ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंशांची असते, म्हणजे मध्यापासून दीड अंश इकडे, दीड अंश तिकडे. खांब गाडीला जोडलेला, गाडी उतारावर, म्हणजे खांबही तिरका. खांब तीन-चार अंश कलला की डिश कितीही गोल फिरवली तरी ती आकाशातल्या भलत्याच पट्ट्यातून फिरते. घरच्या गच्चीवर डिश एकदाच बसवतात, म्हणून ही गोष्ट कधी लक्षातच येत नाही.

दुसरी अडचण होकायंत्राची. मी मोबाइल हातात धरून टपावर उभा राहायचो आणि त्यावरून दिशा ठरवायचो. खाली पत्रा, बाजूला लोखंडी खांब. सुई कुठेही जायची. एकदा हळदीजवळच्या शेतात मी डिश चक्क पूर्वेला लावून बसलो होतो. गाडीपासून दहा-बारा पावलं लांब जाऊन दिशा बघायची, समोरची एखादी खूण धरायची, एखादं झाड किंवा खांब, आणि मग डिश त्या खुणेकडे करायची. कोल्हापुरातून जीसॅट-१५ उत्तरेपासून मोजल्यास सुमारे १२९ अंशांवर आहे. आग्नेय दिशा १३५ वर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेकडे.

पण टपावरची डिश उतरवायला लावली ती गणपतीपुळ्याने. डिसेंबर असला तरी दुपारी ऊन होतं, म्हणून आईसाठी गाडी झाडांच्या सावलीत लावली. सावलीत गाडी म्हणजे डिशही सावलीत. संध्याकाळी सिग्नलसाठी गाडी उघड्यावर आणली, रात्री डास आणि दमट हवा, सकाळी परत सावलीत. तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ‘बाळा, गाडीला सावली लागते आणि तुझ्या छत्रीला आभाळ. दोघांना एका जागी कशाला बांधलंयस?’

दहा महिन्यांत मला जे कळलं ते सगळं त्या एका वाक्यात आलं होतं. आपल्या मुलखात गाडीला जे हवं असतं त्याच्या नेमकं उलट डिशला हवं असतं.

फेब्रुवारीअखेर खांब काढला आणि त्याच मिस्त्रींकडून तिकाटणं करून घेतलं. तीन पाय घडीचे, मध्ये दीड इंची पाइप, पाइपाच्या खालच्या टोकाला आकडा. त्या आकड्याला पाण्याचा दहा लिटरचा कॅन लटकवायचा, म्हणजे वाऱ्याने डिश उलटत नाही. खर्च अकराशे रुपये. त्याला १५ मीटर आरजी-६, म्हणजे डिशची नेहमीची केबल. आता गाडी सावलीत असते आणि डिश उन्हात.

पद्धत अशी बसली आहे. आधी जागा. उपग्रह आपल्याकडून आकाशात सुमारे ६० अंश वर आहे, म्हणजे बराच डोक्यावर, त्यामुळे झाडांपासून फार लांब जावं लागत नाही. आग्नेयेला असलेलं झाड जितकं उंच, त्याच्या सहा दशांश अंतर सोडलं की झालं. ३० फुटी आंब्यापासून १८-२० फूट. मग तिकाटणं उभं करून पाइपाला पाणसळ लावायची, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. या कामाला पाच मिनिटं लागली तरी लागू द्यावीत, पाइप ओळंब्यात असला की पुढचं सगळं सोपं होतं. उंचीचा कोन मी कधी हलवतच नाही. कोल्हापूर, पंढरपूर, गणपतीपुळे, तिन्हीकडे तो ६० च्या आसपासच राहतो, म्हणून कंसावर (डिश पाइपाला धरणाऱ्या, कोनाचे आकडे असलेल्या पट्टीवर) बायकोच्या नेलपॉलिशने लाल खूण करून बोल्ट घट्ट आवळून टाकला आहे. एलएनबी आपल्या दांड्यावर किती फिरवून बसवायचा तेही एकदाच ठरवायचं, इथे तो साधारण ४८ अंश कललेला लागतो. त्यालाही लाल खूण आहे. राहतं फक्त डिश डावी-उजवीकडे फिरवणं.

हे फिरवणं मात्र सावकाश. जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखं आधी मुंग्या, मग पुसट चित्र, मग स्वच्छ, असं इथे होत नाही. बॉक्सला सिग्नल ओळखायला तीन-चार सेकंद लागतात. बोटभर सरकवा, थांबा, परत बोटभर. भराभर फिरवलं तर उपग्रह ओलांडून पुढे जातो आणि कळतही नाही. पिवळा सिग्नल मीटर मीही घेतला होता. तो शिट्टी वाजवतो, पण कोणत्या उपग्रहाची ते सांगत नाही. दीड अंशावर, ९५ पूर्वेला, दुसऱ्या डीटीएचचा उपग्रह आहे आणि मीटर त्यालाही तेवढ्याच उत्साहाने वाजतो. म्हणून शेवटचा निकाल बॉक्सच्या सिग्नल गुणवत्तेच्या पट्टीवर. बायको आत पट्टी बघून आकडा सांगते, मी बाहेर बोट सरकवतो. आता दहा मिनिटांत होतं.

हंपीला गेलो तेव्हा एकदा लाल खूण मोडावी लागली. तिथे उपग्रह सुमारे ६३ अंशांवर, तीन अंश वर. दक्षिणेकडे लांब जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि डिशकडे बघून कोनाचा अंदाज बांधू नका. एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे डिश जितकी उभी दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर बघत असते. कंसावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक प्रकार झाला. स्वच्छ ऊन, तिकाटणं जागचं हललं नव्हतं, आणि सकाळी अकराच्या सुमारास चित्र फुटून गेलं. मी बाहेर येऊन बघतो तर डिशवरचा उजेड गोळा होऊन एलएनबीच्या तोंडावर पांढरा ठिपका पडलेला. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आला होता. तेवढी काही मिनिटं सूर्याचा आवाज उपग्रहाच्या आवाजाला झाकून टाकतो. मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस असं होतंच. त्या वेळी डिश हलवू नका. मला तो ठिपका बघून फार बरं वाटलं. डिश अगदी नेमकी लागली आहे याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

पाण्याचं नुकसान मात्र झालं. टपावरचा खांब काढला तेव्हा बोल्टची आणि केबलची भोकं सिलिकॉन भरून बंद केली होती. एप्रिलमध्ये पहिला वळीव झाला आणि सकाळी पलंगावरचा प्लाय फुगलेला दिसला. उन्हाने पत्रा ताणला-आखडला की सिलिकॉन कडेने सुटतं. मग भोकांवर आतून-बाहेरून पत्र्याचे तुकडे रिव्हेट करून, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावून घेतलं, तेव्हापासून कोरडं आहे. ज्यांची गाडी अजून व्हायची आहे त्यांना हात जोडून सांगतो, टपाला भोक पाडू नका. आणि टपावर कायमचं काही बसवायचंच असेल तर गाडीची उंची बदलते, आधी आरटीओत विचारून घ्या. आता आमची केबल मागच्या दाराजवळच्या झाकणाच्या सॉकेटला लागते. आत जाण्याआधी केबलला खाली एक पोट दिलं आहे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. डिशकडच्या पिनेवर रबरी टोपी हवी. जूनमध्ये ती टोपी विसरलो, पिनेत पाणी गेलं, आतली तांब्याची तार हिरवी पडली आणि दोन दिवस ‘नो सिग्नल’. पाच रुपयांची पिन बदलल्यावर सगळं सुरळीत.

पावसाळ्याबद्दल सगळे विचारतात. रिमझिम पावसाने काहीही होत नाही. पण गगनबावड्याकडचा पाऊस वेगळा, तो धारेने नाही, भिंतीसारखा येतो. अशा वेळी सिग्नल जातोच. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते, पावसाचे मोठे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. जोर ओसरला की चित्र आपोआप परत येतं. ९० सेंटीमीटरची डिश घेतली तर सव्वादोनपट सिग्नल गोळा होतो आणि असे खंड कमी होतात, पण तिची नजर दोनच अंशांची, म्हणजे लावणं तेवढं जास्त अवघड, आणि गाडीत ठेवायला जागा नाही. मी ६० वरच राहिलो आहे.

आषाढी एकादशीला आम्ही गगनबावड्यालाच, मेहुण्यांच्या गावी होतो. पहाटे पंढरपूरची महापूजा बघायला आई दोनलाच उठून बसली होती. मी टॉर्च घेऊन, इरलं पांघरून बाहेर तिकाटण्याजवळ गेलो, पाण्याचा कॅन घट्ट बसला आहे का बघितलं. चित्र येत होतं, जात होतं. विठ्ठलाच्या मुखावर दुधाची धार पडत असतानाच पडदा गोठला. मी डिशला हात लावायला निघालो, तर आईने आतूनच सांगितलं, ‘राहू दे, दिसतोय.’ ती त्या थांबलेल्या चित्रापुढे हात जोडून बसली होती. सात-आठ मिनिटांनी पाऊस ओसरला आणि पूजा पुढे चालू झाली.

पुढच्या आठवड्यात नरसोबाच्या वाडीला जायचं आहे. तिकाटण्याच्या एका पायाचा स्क्रू ढिला झाला आहे, तेवढा उद्यमनगरातून बदलून आणायचा आहे.