आयईएलटीएसच्या श्रवण परीक्षेसाठी सात महिने सराव: वापरानंतरचा अनुभव

मी फोंड्याजवळ राहते आणि परिचारिका म्हणून काम करते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची असेल, तर तिथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात ऐकणे, वाचणे आणि बोलणे या तिन्हींत किमान ७ आणि लेखनात किमान ६.५ बँड (म्हणजे श्रेणी) मागते. जूनमध्ये मी घरीच पहिली सराव चाचणी सोडवली, तेव्हा ऐकण्यात मला ४० पैकी २१ गुण पडले. ७ बँडसाठी साधारण ३० लागतात. इंग्रजी येत नाही म्हणून असे झाले असते, तर मी समजून घेतले असते. परंतु चाचणीनंतर ध्वनिफितीचा लेखी उतारा वाचला, तेव्हा त्यात एकही शब्द अनोळखी नव्हता. माझे प्राथमिक शिक्षण मराठीत झाले असले, तरी त्यापुढचे सगळे इंग्रजीत झाले; वॉर्डातल्या नोंदी मी इंग्रजीत लिहिते, आणि गोव्यात राहून पर्यटकांचे इंग्रजी कानावर पडत नाही असा दिवस क्वचितच जातो. मग चुकत होते कुठे, हे कळायलाच मला दोन महिने लागले.

ज्यांनी ही परीक्षा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार भाग, ४० प्रश्न, सुमारे ३० मिनिटे, आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. पहिल्या भागात दोघांचे रोजच्या व्यवहारातले संभाषण असते, दुसऱ्यात एकट्याचे निवेदन, तिसऱ्यात शिक्षणाशी संबंधित चर्चा आणि चौथ्यात एखाद्या विषयावरचे व्याख्यान. कागदावर परीक्षा दिल्यास उत्तरे उतरवून घेण्यासाठी शेवटी १० मिनिटे मिळतात. संगणकावर ती मिळत नाहीत, फक्त उत्तरे तपासायला २ मिनिटे असतात. स्पेलिंग चुकले की गुण गेला.

पहिले दोन महिने मी पैसे भरून घेतलेल्या एका ॲपवर काढले. तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ भरलेले असल्यामुळे मी ते चिकाटीने वापरले, पण आज मागे वळून पाहता तो खर्च मला टाळता आला असता. त्यातले बरेचसे आवाज यंत्राने तयार केलेले वाटत होते. कोणी अडखळत नाही, बोलता बोलता विचार बदलत नाही, एकमेकांचे वाक्य तोडत नाही. खऱ्या परीक्षेत मात्र बोलणारा आधी मंगळवार म्हणतो आणि लगेच ‘नाही, थांबा, बुधवार’ असे सांगतो, आणि गुण नेमका त्या दुरुस्तीवर असतो. शिवाय ‘सेंटर’ हा शब्द मी अमेरिकी पद्धतीने लिहिला, तर ॲपने तो चूक ठरवला. वास्तविक या परीक्षेत ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही स्पेलिंगे चालतात. सर्वांत मोठे नुकसान केले ते थांबवून मागे नेण्याच्या बटणाने. ते हाताशी असले की कान आळशी होतो. रोज दोन चाचण्या सोडवूनही ऑगस्टच्या सुरुवातीला मी २४ वर होते.

त्यानंतर मी रोजच्या पूर्ण चाचण्या बंद केल्या आणि श्रुतलेखन सुरू केले. शाळेत बाई घालायच्या तेच. ध्वनिफितीचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा आधी न लिहिता ऐकायचा, मग लिहायचा, तीनदा ऐकून झाल्यावर उताऱ्याशी ताडून पाहायचा आणि राहिलेले सगळे लाल शाईने भरायचे. पहिल्या आठवड्यातले एक वाक्य वहीत अजून आहे: ‘इट शुड हॅव बीन सेंट ऑन द थर्टीन्थ.’ मी लिहिले होते, ‘इट शुड बी सेंट ऑन थर्टी.’ पाठवायला हवे होते आणि पाठवायला हवे, तेरा आणि तीस. एका वाक्यात दोन घोटाळे, आणि ऐकताना मला वाटले होते की सगळे समजले. बोलताना ‘हॅव’चा नुसता ‘अव’ उरतो आणि तो ‘शुड’ला चिकटतो. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो, त्यामुळे आपला कान प्रत्येक शब्द सुटा येण्याची वाट पाहतो आणि इंग्रजीतले हे छोटे शब्द तेवढ्यात निघून जातात. माझ्या वहीतली लाल शाई जवळजवळ सगळी अशाच शब्दांवर आणि अनेकवचनाच्या शेवटच्या ‘स’वर होती. मोठे, अवघड शब्द मी क्वचितच चुकवले.

आकड्यांचे दुखणे वेगळे होते. ‘फॉर्टी टू’ ऐकले की माझ्या मनात आधी बेचाळीस उमटायचे, आणि बेचाळीसमध्ये दोन आधी येत असल्यामुळे घाईत हातून २४ लिहिले जायचे. याला उपाय एकच सापडला: अर्थ मनात येऊच न देता कानावर पडेल तसा अंक लिहायचा. माझा धाकटा भाऊ रोज रात्री जेवणानंतर मला दहा दूरध्वनी क्रमांक इंग्रजीत भराभर सांगायचा, शून्याला ‘ओ’ आणि सत्याहत्तरला ‘डबल सेव्हन’ म्हणून. त्याला यात फार मजा वाटायची, मला नाही. अक्षरांचेही तसेच. ऑस्ट्रेलियन माणूस स्पेलिंग सांगताना ‘ए’ असा उच्चारतो की आपल्याला ‘आय’ ऐकू येते. पहिल्या भागात नावे आणि पत्ते अक्षर-अक्षर करून सांगितले जातात, तेव्हा एवढ्यावरून गुण जातो.

सरावाच्या जागेविषयीही सांगायला हवे. पणजीला जाता-येता कदंबाच्या बसमध्ये सराव करण्याचा बेत मी लवकरच सोडला. इंजिनाच्या आवाजात नवा तुकडा ऐकणे व्यर्थ आहे, आधी लिहून झालेला तुकडा पुन्हा ऐकायला मात्र तो वेळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की घरातही तीच गत व्हायची, म्हणून मी कानात घट्ट बसणारे साधे वायरचे इअरफोन घेतले आणि पहाटे पाचची वेळ धरली. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यात आणि नेवऱ्या तळण्यात आठवडाभर वही उघडली नाही, तर २९ वर पोचलेली मी २६ वर आले. हे कौशल्य इतक्या लवकर गंजते याची मला कल्पना नव्हती.

ऑक्टोबरपासून आठवड्याला फक्त एक पूर्ण चाचणी ठेवली, तीही घड्याळ लावून, एकदाच ऐकून. प्रश्नाआधी मिळणाऱ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात प्रश्न वाचून रिकाम्या जागी नाम येणार की अंक, एकवचन की अनेकवचन, हे ठरवण्याची सवय तेव्हा लागली. एखादे उत्तर निसटले तर ते सोडून पुढच्या प्रश्नावर जाणे मला सर्वांत जड गेले. एका हुकलेल्या उत्तराच्या मागे लागून मी तीन-तीन घालवत असे. डिसेंबरात गुण ३१ ते ३३ दरम्यान स्थिरावले.

जानेवारीत संगणकावर परीक्षा दिली. चौथ्या भागातली दोन उत्तरे मी कोरी सोडली हे मला तिथेच ठाऊक होते. ऐकण्यात ७.५ आले. लेखनात ६ आले, त्यामुळे पुन्हा बसावे लागणार आहे. ॲपची मुदत मी वाढवली नाही. श्रुतलेखनाची तिसरी वही चालू आहे.